विजेच्या गिटारचे बटण

वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात दरवर्षी हनुमान जयंतीच्या सुमारास संगीत समारोह भरतो. १९२३ साली सुरू झालेल्या या समारोहाचे शंभरावे सत्र २०२३ साली पार पडले. प्रवेशमूल्य नाही, निमंत्रणाची अट नाही; मंदिराच्या प्रांगणात ज्याला जागा मिळेल त्याने बसावे आणि उजाडेपर्यंत ऐकावे, अशी तेथील रीत आहे. या मंदिराच्या महंतांची परंपराही लक्षात राहण्यासारखी आहे. २०१३ साली निवर्तलेले महंत वीरभद्र मिश्र हे जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांच्यामागून गादीवर आलेले त्यांचे पुत्र विश्वंभरनाथ मिश्र यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरातील तंत्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी शिकविली, आणि ते पखवाजही वाजवितात. वीज आणि वाद्य यांचे सोयरिक जमविण्याला काशीचा विरोध नाही, हे सांगायला याहून बोलका दाखला शोधावा लागू नये.

हे सोयरिक जेथे अगदी तळहाताएवढ्या जागेत जमलेले दिसते ती वस्तू म्हणजे विजेची गिटार. तिच्या पोटात डोकावले तर चुंबक, तांब्याच्या तारेची गुंडाळी, एकदोन फिरत्या चकत्या आणि तीन जागांवर हलणारे एक लहानसे बटण, एवढाच संसार दिसतो. यांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ते बटण. परंतु वाद्याने कोणत्या आवाजात बोलावे हे तेच ठरविते. आणि ते नीट जोडता आले तर वाद्याच्या पोटातील सगळी वीज समजली, असे म्हणायला हरकत नाही.

गिटारसारखे परके वाद्य काशीच्या बैठकीत कसे आले, हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. वास्तविक परक्या वाद्यांना घरचे करून घेण्याची या नगरीला सवय आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. त्याच विश्वविद्यालयात एन्. राजम् यांनी जवळजवळ चाळीस वर्षे अध्यापन केले आणि युरोपात जन्मलेल्या व्हायोलिनवर ख्यालाची गायकी उतरवून दाखविली. तेथेच लालमणि मिश्र यांनी विचित्रवीणा वाजविली आणि शिकविली. विचित्रवीणेला पडदे नसतात. डाव्या हातातील काचेचा गुळगुळीत गोळा तारेवरून सरकवीत वादक स्वर काढतो, आणि म्हणून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मींड अखंड राहते.

आता हवाई बेटांतील गिटार पाहावी. तीही मांडीवर आडवी ठेवतात आणि तारेवरून पोलादी कांब सरकवून वाजवितात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ही पद्धत रूढ झाली. १९४०च्या दशकात हवाईचे वादक टाऊ मो कोलकात्यात राहिले, आणि तेथून हे वाद्य बंगालच्या घराघरांत शिरले. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत मांडले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला तिसरे वाद्य काब्रांच्या गिटारचे होते. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिकाचा मान मिळाला. वाराणसीत कमला शंकर यांनी ‘शंकर गिटार’ या नावाने स्वतःचे वाद्य सिद्ध केले आणि त्यावर गायकीचे अंग सांभाळले. तेव्हा ज्या नगरीला विचित्रवीणा ठाऊक होती, तिला ही गिटार ओळखायला फारसा वेळ लागला नाही.

योगायोग असा की, विजेवर चालणारी बाजारात यशस्वी झालेली पहिली गिटारसुद्धा मांडीवर ठेवून वाजवायचीच होती. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३२ साली ती विक्रीस आणली. गोल ॲल्युमिनियमचे अंग आणि लांब मान यांमुळे लोक तिला गमतीने ‘तळणीचा तवा’ म्हणत. तिचे पेटंट १९३७ साली मंजूर झाले. या तव्याला नाद घुमविणारे लाकडी पोट नव्हते. तारेचे कंपन थेट विजेत उतरविण्याची युक्तीच काय ती तिच्यात होती. त्या युक्तीला पिकअप म्हणतात.

पिकअपचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले होते. तारेच्या गुंडाळीजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की गुंडाळीत वीज उत्पन्न होते. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे दिलेले असतात. त्यांच्यावरून जाणारी पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही किंचित चुंबक बनते. ती थरथरली की क्षेत्र थरथरते, आणि क्षेत्र थरथरले की गुंडाळीत त्याच गतीने वीज हेलकावे घेते. ही वीज अतिशय क्षीण, एका व्होल्टच्या काही शतांश इतकी असते. ॲम्प्लिफायर तिला मोठी करतो. पितळेची किंवा काशाची तार मात्र या पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण ती चुंबकाला दाद देत नाही. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या पितळी तारांखाली असा पिकअप बसवून निराश झालेल्या हौशी मंडळींना त्यामागचे कारण बहुधा एवढेच असते.

एक पिकअप पुरे असताना दोन कशाला, असे कोणी विचारील. सतार वाजविणाऱ्याला याचे उत्तर आधीच ठाऊक असते. घोडीजवळ छेडलेली तार तीक्ष्ण, धारदार बोलते. घोडीपासून दूर छेडली तर तीच तार गोल आणि भरदार बोलते. पिकअपचे तसेच आहे. तो तारेचे कंपन ज्या जागी ऐकतो त्या जागेचा रंग त्याच्या आवाजाला येतो. घोडीलगत मूळ स्वराचे आंदोलन लहान असते, त्यामुळे वरचे उपस्वर पुढे येतात. मानेच्या बाजूला मूळ स्वर मोठा होतो आणि आवाज भरतो. आलापाला मानेकडचा पिकअप आणि झाल्याला घोडीकडचा, अशी ढोबळ वाटणी त्यामुळेच करता येते.

कांब सरकवून वाजविणाऱ्या वादकाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, आणि त्याची दखल वाद्य बांधणाऱ्याने घेतली नाही तर त्याचा परिणाम नेमका बैठकीत जाणवतो. समजा, मानेकडचा पिकअप घोडीपासून तारेच्या एकचतुर्थांश लांबीवर बसविला आहे. मोकळी तार वाजते तेव्हा तो योग्य जागी असतो. कांब वरच्या सप्तकात, म्हणजे तारेच्या मध्यावर आली की वाजणाऱ्या तारेची लांबी निम्मी होते, आणि तोच पिकअप आता तिच्या बरोबर मध्यभागी येतो. तारेच्या मध्यावर दुसरा उपस्वर हालत नाही; तो पिकअपला ऐकूच येत नाही. स्वर पोकळ वाटू लागतो. कांब त्याहूनही वर, अतितार सप्तकाकडे गेली तर ती पिकअपच्या डोक्यावरच येते, आणि ज्या भागात तार वाजते आहे तो भाग पिकअपच्या पलीकडे राहतो. वादकाची मींड चढत जाते आणि आवाज मात्र विझत जातो. घोडीकडच्या पिकअपला ही अडचण येत नाही. वादकाला वाजविता वाजविता एका क्षणात इकडून तिकडे जाता आले पाहिजे ते याचसाठी. आणि त्यासाठीच बटण हवे.

पाश्चात्त्य कारखान्यांना या बटणाची गरज वेगळ्या वाटेने पटली. लिओ फेंडर यांच्या कारखान्याची टेलिकास्टर गिटार १९५० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत आली. तिला दोन पिकअप आणि तीन जागांचे बटण होते. १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरला पिकअप तीन झाले, तरी बटणाच्या जागा तीनच राहिल्या. वादकांनी ते बटण दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण तेथे दोन पिकअप एकत्र बोलत आणि एक निराळाच आवाज निघे. कारखान्याने ही गोष्ट मान्य करून पाच जागांचे बटण बसवायला १९७७ साल उजाडले. कारागिराने वाद्य बनवावे आणि वादकाने त्यातून कारागिराच्या मनात नसलेला स्वर काढावा, ही गोष्ट आपल्याकडील जवारी काढणाऱ्यांनाही काही नवी नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. दोन पिकअप, आवाज कमीजास्त करणारी एक चकती, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल, बाहेरची दोरी खोचण्याचे एक भोक आणि तीन जागांचे बटण, एवढे सामान पुरे. बटण विकत घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. वरून सारख्या दिसणाऱ्या बटणांचे दोन प्रकार बाजारात मिळतात. एका प्रकारात दांडी मध्यावर असता दोन्ही बाजू चालू राहतात, दुसऱ्यात मध्यावर दोन्ही बंद होतात. गिटारला पहिला प्रकार हवा. दुसरा बसविला तर एका पिकअपवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये शांततेची खाच पडते, आणि चालू आलापात अशी खाच म्हणजे गायकाला मध्येच ठसका लागण्यासारखी आहे. पहिल्या प्रकारात आवाज एका पिकअपवरून दोन्हींवर आणि दोन्हींवरून दुसऱ्यावर असा जोडून जातो.

हे बटण उघडून पाहिले तर आत पितळी पात्यांच्या दोन जोड्या दिसतात. दांडी मध्यावर असताना दोन्ही जोड्या मिटलेल्या असतात. दांडी एका बाजूला कलली की एक जोडी उघडते आणि तेवढा पिकअप गप्प होतो. प्रत्येक पिकअपमधून दोन तारा निघतात. एक बोलकी, म्हणजे सूर वाहून नेणारी. दुसरी भुईची, तंत्रज्ञ जिला अर्थ म्हणतात ती. दोन्ही पिकअपांच्या बोलक्या तारा बटणाच्या बाहेरच्या दोन कानांना एकेक जोडाव्यात. आतले दोन कान एकमेकांना जोडून त्यांची एक तार व्हॉल्यूम कंट्रोलच्या पहिल्या कानाकडे न्यावी. कंट्रोलच्या मधल्या कानातून निघालेली तार बाहेरच्या दोरीच्या टोकाशी भिडणाऱ्या पट्टीला जोडावी. कंट्रोलचा तिसरा कान, दोन्ही पिकअपांच्या भुईच्या तारा, बटणाचे धातूचे अंग, भोकाचे कडे आणि घोडी या सर्वांची भुई एकच. त्या साऱ्या कंट्रोलच्या पाठीवर एकत्र आणाव्यात.

येथे एक नियम ध्यानात ठेवावा. बटण जी तार तोडते आणि जोडते ती नेहमी बोलकी. भुईची तार बटणातून कधीही नेऊ नये. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असली पाहिजे. हा नियम का, ते पुढे येणार आहे.

जोडकाम सोल्डरिंगने करतात. कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १९० अंशांच्या आतच वितळते. परंतु कंट्रोलची पाठ जाड असल्यामुळे ती तापायला वेळ लागतो. घाई करणारा कारागीर तारेवर थंड डाख टाकून मोकळा होतो. तो वरून चांगला दिसतो, परंतु सहा महिन्यांनी खुळखुळू लागतो. आधी पाठ कानशीने थोडी खरवडावी, तिच्यावर डाखाचा पातळ थर द्यावा, मग तार टेकवून दोन्ही एकत्र वितळू द्यावे. डाख चकचकीत आणि सपाट पसरलेला दिसला तर तो धरला आहे; गोळीसारखा फुगून राहिला तर धरलेला नाही. सोल्डरमधले शिसे पोटात जाऊ नये म्हणून काम आटोपल्यावर हात धुवावेत. पावसाळी दमटपणात पात्यांवर काळसर थर धरतो आणि बटण कुरकुरू लागते. अशा वेळी वाद्य नादुरुस्त झाले असे समजण्याआधी संपर्क स्वच्छ करण्याच्या द्रवाचा एक थेंब देऊन बटण दहावीस वेळा हलवून पाहावे.

जोडणी पुरी झाल्यावर तारा चढविण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. पहिली, ॲम्प्लिफायर अगदी हळू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करावी. दांडी ज्या बाजूला आहे त्याच बाजूचा पिकअप बोलला पाहिजे. उलट झाले तर बाहेरच्या कानांवरील दोन तारांची अदलाबदल करावी. दुसरी परीक्षा मीटरची. एकेका पिकअपचा विरोध आठ हजार ओहम असेल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडून दोन्ही टोकांच्या जागी जवळजवळ तेवढाच आकडा यावा आणि मधल्या जागी सुमारे चार हजार, कारण तेथे दोन पिकअप शेजारी शेजारी जोडले जातात. मधल्या जागी आकडा निम्मा झाला नाही, तर कोठेतरी डाख धरलेला नाही.

मधली जागा आणखी एक गुपित बाळगून असते. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले असता आवाज भरदार व्हायच्या ऐवजी चिरका आणि पातळ झाला, तर दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने बोलत आहेत असे समजावे. दोन गायकांपैकी एक श्वास घेताना दुसरा सोडतो आहे, असा तो प्रकार असतो. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली की भांडण मिटते. मात्र त्याचे धातूचे झाकण भुईच्या तारेला आतूनच जोडलेले असेल तर ते आधी वेगळे करावे लागते. सुईच्या मीटरवर हे आधीच पाहता येते. पिकअपच्या तारा मीटरला लावून त्याच्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवावा. दोन्ही पिकअपांना सुई एकाच बाजूला उसळली म्हणजे त्यांचे एकमत आहे.

या एकमताचा एक सुंदर उपयोग गुणगुण घालविण्यासाठी होतो. भारतातील घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. भिंतीतल्या तारा, दिवे, पंखे यांच्याभोवती तिचे क्षेत्र पसरलेले असते आणि पिकअपची गुंडाळी ते तत्परतेने टिपते. पन्नास आणि शंभर आवर्तनांची ही गुणगुण पेटीच्या भाषेत सांगायची तर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ येते, पण तिच्याहून स्वराच्या एकषष्ठांशाइतकी चढी. म्हणजे बैठकीत एक न बोलाविलेला तंबोरा येऊन बसतो, आणि तो कोणाच्याही षड्जाशी जुळत नाही. श्रोत्याला ते कळले नाही तरी त्याचा कान थकतो. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला. एका गुंडाळीचे वेढेही उलटे आणि चुंबकही उलटा ठेवला, तर तारेचे संगीत दोन्ही गुंडाळ्यांत एकाच दिशेने येते. गुणगुणीला मात्र चुंबकाशी कर्तव्य नसते, ती केवळ वेढ्यांची दिशा पाहते, म्हणून ती दोन गुंडाळ्यांत परस्परविरुद्ध येऊन मिटते. दोन साध्या पिकअपांपैकी एक असा उलटा घेतला तर बटणाच्या मधल्या जागी तोच लाभ अधिक खर्चाविना पदरात पडतो.

हिंदुस्थानी पद्धतीच्या वादकाने एक सावधगिरी मात्र बाळगावी. तरफेच्या तारांचा आणि लाकडी पोटाचा नाद टिपावा म्हणून पुष्कळजण घोडीखाली दाबावर चालणारा, स्फटिकजातीचा पिकअप बसवितात. क्युरी बंधूंनी १८८० साली शोधलेल्या गुणधर्मावर तो चालतो. त्याला आणि चुंबकी पिकअपला एकाच साध्या बटणावर बांधू नये. स्फटिकाचा पिकअप आपली वीज अत्यंत कंजूषपणे देतो, आणि चुंबकाच्या गुंडाळीशी शेजार घडला की त्याचा खर्जच गळून पडतो. त्याला आधी स्वतःचा लहान ॲम्प्लिफायर हवा. निवडीचा प्रश्न त्यानंतर येतो.

आता भुईच्या तारेकडे वळावे. घोडीला जोडलेल्या भुईच्या तारेमुळे गिटारच्या सर्व तारा भुईशी एकरूप होतात, आणि वादकाने तारांना हात लावताच गुणगुण कमी होते. वादकाचे शरीर आसपासचे क्षेत्र भुईत उतरवीत असते. ही भुई वाद्यातून दोरीच्या वेष्टनामार्गे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगापर्यंत आणि तेथून त्याच्या तीनखिळी प्लगच्या जाड खिळ्यातून जमिनीपर्यंत जाते. हा खिळा इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असतो. प्लग खोचताना तो सर्वांआधी भिडावा आणि काढताना सर्वांनंतर सुटावा, एवढ्यासाठीच त्याला तसे घडविलेले आहे.

परंतु जेथे तेथे दोन खिळ्यांची भोके, वरून टाकलेल्या तात्पुरत्या तारा, मंडपात एका कोपऱ्यातून गिटारला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून मायक्रोफोनला दिलेली वीज, असा कारभार असला की दोन भुयांमध्ये फरक पडतो आणि गुणगुण वाढते. मग कोणीतरी जाणता माणूस प्लगचा जाड खिळाच काढून टाकतो. गुणगुण थांबते, सर्वांना हायसे वाटते. आणि त्याच क्षणी वादकाचे रक्षण करणारी एकमेव वाट बंद झालेली असते. ॲम्प्लिफायरच्या आत एखाद्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचे वेष्टन सुटले तर घरगुती विजेचे २३० व्होल्ट त्याच्या अंगावर, तेथून दोरीच्या वेष्टनात, तेथून घोडीवर आणि तारांवर येतात. कांब सरकवून वाजविणाऱ्या वादकाच्या डाव्या हातात पोलाद असते आणि उजव्या बोटांत धातूची नखी. तोवर त्याला काही कळतही नाही, कारण विजेला बाहेर पडायला वाट नसते. मग तो राग जाहीर करण्यासाठी मायक्रोफोन जवळ ओढतो. मायक्रोफोनची भुई शाबूत असते. एका हातातून शिरलेली वीज छातीतून दुसऱ्या हातात उतरते.

ही कल्पनेची भीती नव्हे. १९७२ सालच्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचे तरुण गिटारवादक लेस हार्व्ही व्यासपीठावरच विजेच्या धक्क्याने मरण पावले. सदोष भुई असलेल्या यंत्रणेवरील मायक्रोफोनला त्यांचा हात लागला होता. गुणगुणीवर उपाय आहेत. गिटारचा आणि ध्वनिक्षेपकाचा ॲम्प्लिफायर एकाच फळीवरून, एकाच भुईवर चालवावा. तेवढ्याने भागले नाही तर दोहोंच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरची पेटी घालावी. वीज जमिनीकडे गळू लागताच, तीस मिलिअँपिअरवर पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच मंडपाच्या मुख्य फळीवर असावा. जाड खिळा काढणे हा यांतला कोणताही उपाय नाही.

भारतीय संगीतात पाच स्वर कोमल-तीव्र होतात. षड्ज आणि पंचम मात्र अचल मानलेले आहेत. त्यांतही षड्ज तर साऱ्या मापनाचा आरंभ. गंधार कोमल की शुद्ध हे षड्जावरून ठरते, आणि षड्जच डळमळला तर उरलेल्या स्वरांना नावेही राहत नाहीत. विजेच्या जोडणीत भुईचे स्थान नेमके षड्जाचे आहे. प्रत्येक व्होल्ट तिच्यापासून मोजला जातो. तिची किंमत शून्य धरलेली असते, म्हणूनच इतरांना किंमत येते. बटण ज्याच्यामधून निवड करते ते सारे चल स्वर; भुईची तार अचल. ती बटणातून नेऊ नये, हा जोडकामाचा नियम आणि तो जाड खिळा कापू नये, हा जीव वाचविण्याचा नियम, हे दोन्ही एकाच नियमाचे दोन उच्चार आहेत.

बनारसच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १९१९ सालापासून विजेची विद्या शिकविली जात आहे, आणि सुराची विद्या तर त्याहूनही पुष्कळ आधीपासून त्या गल्ल्यांत नांदते आहे. अस्सी घाटावर २०१४ पासून रोज पहाटे संगीत होते. तेथे उघड्यावर, नदीच्या दमट वाऱ्यात, लांबून ओढलेल्या तारांवर ध्वनिक्षेपक चालतात. अशा ठिकाणी गिटार मांडीवर घेणाऱ्या वादकाने षड्ज जुळविण्याआधी एकदा वाकून प्लगचे तिन्ही खिळे जागेवर आहेत का ते पाहावे. त्याला वेळ लागत नाही, खर्च येत नाही. मग बटण हव्या त्या जागी ठेवावे आणि आलाप सुरू करावा.